अकरा पावलं, चालेल

रुग्णालयाच्या तळघराचा जिना उतरेपर्यंत तपासनीसबाईंनी पेनाचं टोपण तीनदा काढलं आणि तीनदा लावलं. काम तसं दहा मिनिटांचं होतं. जनरेटरची खोली बघायची, दाराबाहेरचं लाल बटण दाबायचं, यंत्र थांबलं की फॉर्मवर सही. दुपारचे बारा वाजले होते. वर भेटायला येणाऱ्यांची गर्दी होती. खाली मात्र डिझेलचा वास आणि ट्यूबलाइटची गुणगुण.

नियम साधा आहे. आग लागो, धूर होवो, खोलीत पाऊल न टाकता यंत्र बंद करता आलं पाहिजे. म्हणून बटण बाहेर हवं. दोन वर्षांपूर्वी इथं ते आत होतं, यंत्राच्या पलीकडच्या भिंतीवर. तेव्हाच्या फॉर्मवर तपासनीसबाईंनीच लिहिलं होतं, ‘बटण आत, दारापासून अकरा पावलं. चालेल.’ बाहेरच्या भिंतीला नुकत्याच नव्या टाइल्स बसल्या होत्या, आणि व्यवस्थापकांनी इतकी गयावया केली, की बाईंच्यानं नाही म्हणवेना. त्या रकान्यात ‘योग्य’ किंवा ‘अयोग्य’ एवढंच लिहायचं असतं. ‘चालेल’ हा शब्द त्यांच्या पदरचा.

सहा महिन्यांनी धूर बाहेर नेणाऱ्या पाइपाचा सांधा फुटला. तेव्हाचे ऑपरेटर म्हणजे घड्याळमामा. फार वक्तशीर, म्हणून हे नाव. नाकाला रुमाल बांधून ते आत गेले, यंत्र बंद केलं, पण परत आले नाहीत.

त्यानंतर बाहेर बटण बसलं. आणि मामांच्या खुर्चीवर त्यांची भाची.

“या मॅडम,” हात पुसत भाची म्हणाली. “आधी चहा की आधी सही?”

“आधी बटण.”

भाचीनं यंत्र सुरू केलं. पायाखालची फरशी थरथरली. बाईंनी लाल बटण दाबलं. यंत्र तिथल्या तिथं थांबायला हवं होतं. थांबलं नाही. सवयीनं त्यांचे ओठ मोजू लागले. नऊ, दहा, अकरा. मग थांबलं.

कान बधिर झाल्यासारखी शांतता. आणि आतून, दारापासून पलीकडच्या भिंतीपर्यंत केबलच्या चरावर ओळीनं टाकलेल्या लोखंडी पत्र्यांचा आवाज आला. टण्. टण्. टण्. टण्.

चारच.

“पत्रे थंड होताना वाजतात,” भाची म्हणाली. जरा जास्तच लगेच म्हणाली.

“अकरा सेकंद का लागतात?”

“म्हातारं झालंय यंत्र. हाक मारली की लगेच उठतंय होय कुणी या वयात?”

बाईंना हसू आलं नाही. त्यांनी पुन्हा चाचणी घेतली. पुन्हा अकरा. पुन्हा चार आवाज. तिसऱ्यांदा यंत्र सुरू करण्याआधी भाची आत निघाली, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की ही दरवेळी आधी आत जाऊन येते.

“आत कशाला जाता?”

“जुनं बटण सोडवायला. ते दाबलं की अडकून बसतं, पिळल्याशिवाय वर येत नाही.”

“पण ते दाबतं कोण?”

भाची स्वच्छ झालेले हात पुन्हा पुसत राहिली.

बाईंनी पिशवीतून पेचकस काढला आणि बाहेरच्या बटणाची डबी उघडली. आत दोन वायरी होत्या. वीतभर लांबीच्या, टोकांना काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. डबीबाहेर एकही जात नव्हती. बसवणाऱ्यानं नुसतं बटण बसवलं होतं; जोडलं कशालाच नव्हतं.

“अहो, हे नुसतं भिंतीवर चिकटवलंय! उद्या खरंच धूर झाला तर तुम्हालाच आत जावं लागेल.”

“बंद करायला मला कधीच जावं लागलं नाही,” भाची हळू आवाजात म्हणाली. “दीड वर्षात एकदाही नाही.”

वरच्या मजल्यावरून ट्रॉलीच्या चाकांचा आवाज गेला.

“तो शेरा मी लिहिला होता,” बाई म्हणाल्या. हे वाक्य त्या दीड वर्ष घेऊन हिंडत होत्या. “चालेल म्हणून.”

“माहितीये. अक्षर ओळखते मी तुमचं. फाइल इथंच असते.”

“कुठं सापडले होते मामा?”

“चौथ्या पत्र्यावर. परत येताना.”

बाईंनी फाइल मागितली. जुना फॉर्म काढून ‘चालेल’वर आडवी रेघ मारली, खाली लिहिलं, ‘चालणार नाही’, आणि तारीख घालून सही केली. आजच्या फॉर्मवर लिहिलं, ‘अयोग्य’. अक्षर सरळ आलं.

“आता दाबा.”

भाचीनं आतलं बटण सोडवलं, बाहेर येऊन यंत्र सुरू केलं. मग लाल बटण दाबलं.

दहा. अकरा. बारा.

वीस.

चाळीस झाले तरी यंत्र धडधडतच होतं. भाचीचा चेहरा पडला. ती बाईंच्या कानाशी येऊन ओरडली, “काय केलंत हो तुम्ही? मामा आत जातच नाहीये!”

बाईंनी पेनाला टोपण लावलं, पेन तिच्या हातात दिलं. “तू इथंच थांब. दार धरून ठेव.”

“मॅडम, मी जाते ना...”

“नको. शेरा माझा आहे.”

त्या आत गेल्या. डोक्यात फक्त धडधड. पाय मोजत होते. अकराव्या पावलाला हात पुढे केला, तर बटण बरोबर तळव्याखाली आलं. त्यांनी दाबलं.

शांतता.

त्या वळल्या. टण्. टण्. टण्. टण्.

पाचव्या पावलापासून प्रत्येक पत्रा दोनदा वाजू लागला.

त्यांनी मागं पाहिलं नाही. चाल वाढवली नाही. कमीही केली नाही.

अकरा.

त्या बाहेर आल्या. भाचीनं दार लगेच सोडलं नाही. मागून आणखी कुणी येत असावं, तसं ते धरून ठेवलं, आणि वाट देत ती भिंतीला चिकटून उभी राहिली.