हिरव्या काचेतली काडी

ही घडलेली गोष्ट आहे. कुणाला पटवायला मी ती सांगत नाही. ज्यांच्यावर गुदरली ते वामनराव म्हणजे माझ्या आईचे सख्खे मामा. त्यांनी ती उभ्या आयुष्यात एकदाच सांगितली, माझ्या आईला. सांगताना एकदाही मान वर केली नाही.

साल १९६१. अकोल्याची जठारपेठ. दसऱ्यानंतरचा पहिला मंगळवार.

रात्र नव्हती. संध्याकाळचे सहा वाजले होते, आणि खोलीत चार माणसं होती.

वामनरावांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानामागच्या खोलीत त्यांनी स्वतःचं वायरलेस मशीन लावलं होतं. सरकारी परवाना होता. छतावर लांब तार ताणलेली होती. त्या तारेच्या जोरावर ते सिलोन, ब्रह्मदेश, कधीकधी जपानपर्यंतच्या हौशी रेडिओवाल्यांशी बोलायचे.

आणि त्यांच्याकडे एक अशी वस्तू होती, जी साऱ्या वऱ्हाडात दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

लढाईनंतर मिलिटरीच्या भंगारात निघालेलं एक यंत्र. समोर बशीएवढी गोल काच. आत हिरव्या उजेडाची आडवी रेघ. आकाशात जेवढी स्टेशनं चालू असतील, तेवढ्या उभ्या काड्या त्या रेघेवर उभ्या राहायच्या. जवळचं स्टेशन मोठी काडी, दुबळं स्टेशन लहान काडी. कानात ऐकू यायचं ते फक्त मधोमध उभं असलेलं स्टेशन. बाजूची नुसती दिसायची.

म्हणजे कोण हाक मारतंय, हे ऐकू येण्याआधी दिसायचं.

त्यातली एक काडी वामनराव झोपेतही ओळखत. डावीकडे, जरा लांब. बारीक. उभी राहताना तिचा शेंडा थरथरायचा.

ती डोमाजीची काडी.

डोमाजी हिवरखेडला शाळामास्तर होता. आधी पलटणीत बिनतारीवर होता. पुढे अमरावतीला मास्तरकीचं शिकायला आला, तेव्हा वामनराव तिथंच एका दुकानात रेडिओचं काम शिकत होते. दोघांची गट्टी जमली. स्टीलच्या पेल्यावर चमच्यानं टकटक करत डोमाजीनंच वामनरावांना तारेची भाषा शिकवली. सहा महिने, रोज. त्याच्याशिवाय वामनरावांना परवाना मिळाला नसता.

छप्पन साली डोमाजीनं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. त्यानंतर एकदा तो अकोल्याला आला, तेव्हा वामनरावांनी त्याला दुकानात चहा पाजला. घरात बोलावलं नाही.  डोमाजीनं कप स्वतःच धुऊन ठेवला.

हे वामनरावांनी आईला सांगितलं. विचारलं नसतानाही सांगितलं.

डोमाजीचं मशीन त्यानं हातानं जुळवलेलं होतं, मोटारीच्या बॅटरीवर चालणारं. त्याला माईक नव्हता. नुसती टकटक. आणि आत लहर ठरवणारा एकच स्फटिक, म्हणून त्याची जागा ठरलेली. ऐकताना तो बटण फिरवून दुसरी स्टेशनं शोधू शकायचा, पाठवायची जागा मात्र त्याला बदलताच यायची नाही. रोज सहा वाजता तो हाक मारायचा. वामनराव आपलं मशीन त्याच्या जागेवर आणायचे, काडी मधोमध यायची, आणि दहा मिनिटं दोघं बोलायचे. कापूस कसा आहे. पोरं शाळेत येतात का. डोमाजीची बायको जाईबाई काय म्हणते.

त्या मंगळवारी अमरावतीहून एक मोठे साहेब जीपनं आले होते. सोबत दोन माणसं. साहेबांना हिरवी काच बघायची होती. त्यांच्या हातात एक सरकारी काम होतं, आणि ते वामनरावांना मिळायची आशा होती.

वामनरावांनी सिलोनचं एक स्टेशन लावलं. माईक हातात घेऊन इंग्रजीत बोलू लागले. साहेब खूश झाले.

सहा वाजले.

डावीकडे... काडी उभी राहिली.

शेंडा थरथरला. गेली. पुन्हा उभी राहिली.

"हे कोण?" साहेबांनी बोट दाखवून विचारलं.

वामनरावांच्या तोंडावर नाव आलं होतं. पण त्यांना वाटलं, आता साहेब म्हणणार, ऐकवा. मग ती तुटकी टकटक. मग कुठला, कोण, कोणाचा, हे सगळं.

"काही नाही साहेब," ते म्हणाले. "विजेचा कचरा आहे. येतो असा."

काडी चालूच होती. रोजच्यासारखी नाही, घाईघाईनं. टकटक ऐकू येत नसली तरी काडीच्या वर-खाली होण्यावरून वामनरावांना ती वाचता येत होती. त्यांनी वाचायचं नाही असं ठरवलं.

तरी एकदा नजर गेली.

तीनदा आखूड. तीनदा लांब. तीनदा आखूड.

हा इशारा शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. जीव धोक्यात आहे, मदत पाठवा.

साहेबांची जीप दारात उभी होती.

वामनरावांनी हात पुढे केला... आणि उजेडाचं बटण मागे फिरवलं. काच काळी झाली. "डोळ्यांना त्रास होतो," असं साहेबांना म्हणाले, आणि सिलोनशी बोलत राहिले. चाळीस मिनिटं.

साहेब गेल्यावर त्यांनी उजेड वाढवला.

डावी बाजू रिकामी होती.

तिसऱ्या दिवशी बातमी आली. डोमाजीला साप चावला होता. इंजेक्शन अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात होतं. हिवरखेडला त्या दिवशी मोटार नव्हती. शेवटी बैलगाडीत घातलं. तेल्हाऱ्याच्या वाटेवर, गाडीतच तो गेला.

वामनराव भेटायला गेले. जाईबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं पाणी दिलं.

"भाऊ," तिनं विचारलं, "त्या दिवशी तुमचं मशीन बंद होतं काय?"

"लाइट गेली होती," वामनराव म्हणाले. "दुपारपासूनच नव्हती."

तिनं मान हलवली. 

पेला तसाच हातात धरून ते बसून राहिले. 

त्यानंतरच्या मंगळवारी, सहा वाजता, वामनराव काचेसमोर बसले होते. का बसले होते, हे त्यांनाही सांगता आलं नाही.

डावीकडे... काडी उभी राहिली.

बारीक. शेंडा थरथरत होता.

त्यांनी हेडफोन कानाला लावले आणि बटण फिरवलं. बटण फिरवलं की काचेतल्या सगळ्या काड्या सरकतात, हा त्या यंत्राचा धर्मच. बाकीच्या सरकल्या.

ती सरकली नाही.

जितकं बटण फिरवावं, तितकी ती आपल्याच जागी उभी. कानात तिचा काहीच आवाज नाही. दहा मिनिटं उभी राहिली, आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा आली.

तिसऱ्या दिवशीही.

वामनरावांनी मशीन उघडलं. सगळे व्हॉल्व्ह बदलले. तारा तपासल्या. छतावर चढून लांब तार उतरवली, गुंडाळून कोपऱ्यात टाकली. आता काचेत काहीच दिसायला नको होतं. बाकीच्या काड्या खरोखरच गेल्या. आडवी रेघ सपाट झाली.

सहा वाजले...

सपाट रेघेवर ती एकटी उभी राहिली.

त्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं की तिची जागा बदलली आहे. केसभर उजवीकडे. त्यांनी काचेवर शाईची खूण केली. दुसऱ्या दिवशी खूण मागे राहिली होती.

डोमाजीचा स्फटिक जागा बदलूच शकत नव्हता. ही काडी रोज थोडी थोडी मधोमध येत होती.

आणि मधोमध जे येतं, ते ऐकू येतं.

वच्छलाबाई, वामनरावांची बायको, एका संध्याकाळी दारात उभी राहिली.

"तुमी रोज सहा वाजता इथं काहून बसता? जेवण नाही, बोलणं नाही. काय पाहून राहिले?"

"तुले काही दिसते का, इथं?" त्यांनी काचेवर बोट ठेवलं.

ती वाकली. बराच वेळ बघत राहिली.

"काडी दिसते एक," ती म्हणाली. "थरथरून राहिली. थंडी वाजल्यावानी."

वामनरावांना वाटत होतं, हिला दिसू नये. आपलं डोकं फिरलं असतं तर बरं झालं असतं.

यंत्र बंद ठेवावं, हे त्यांना सुचलं नाही असं नाही. एकदा उजेडाच्या बटणापर्यंत हात गेलाही. पण त्याच बोटांनी त्या दिवशी तेच बटण मागे फिरवलं होतं. हात तिथंच थांबला. नंतर त्यांना तो उचलवेना.

तेविसाव्या दिवशी काडी मधोमध आली.

वामनरावांनी हेडफोन लावले. कानात नेहमीची खरखर होती. सहा वाजले...

खरखर थांबली.

टकटक नाही. आवाज नाही. मशीन बंद पडल्यावर येते तशी शांतताही नाही. कुणीतरी आपलं बोलणं संपवून, आता तुम्ही बोला म्हणून वाट बघत असतं, तशी शांतता. बिनतारीवाल्यांना ती बरोबर कळते.

समोर काडी ताठ उभी होती. तिचा शेंडा थरथरायचा थांबला होता.

वामनरावांनी माईक उचलला. आवाज पाठवायचं मशीन महिनाभर बंद होतं. छतावर तार नव्हती. माईकची वायरसुद्धा सुटलेली होती. तरी ते बोलले.

"डोमाजी, लाइट गेली नव्हती. मी होतो. तू दिसत होता मले. तीन आखूड, तीन लांब, मी वाचलं होतं. साहेबासमोर तुह्यं नाव घ्यायची मले लाज वाटली. जीप दारात होती, डोमाजी. मी उजेड कमी केला."



काडी थोडा वेळ तशीच राहिली. मग हळूहळू खाली बसत गेली, आणि रेघ सपाट झाली.

कानात खरखर परत आली.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच मोटारीनं वामनराव हिवरखेडला निघाले. रस्ताभर वाक्यं जुळवत होते. कुठून सुरू करावं, आधी काय सांगावं. जाईबाईपुढे खरं बोलल्याशिवाय आता सुटका नाही, हे त्यांना कळलं होतं.

जाईबाई दारातच उभी होती. जणू कुणीतरी येणार हे तिला माहीत होतं.

"या भाऊ," ती म्हणाली. "काल तुमी बोलले. मले आयकू आलं."

वामनराव जागच्या जागी उभे राहिले.

तिनं आत नेलं. कोनाड्यात डोमाजीचं मशीन होतं. त्याची बॅटरी ज्याची होती तो माणूस, डोमाजीला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशीच घेऊन गेला होता. मशीनवर धूळ बसली होती. हेडफोन खिळ्याला टांगलेले होते.

"सहा वाजले होते," जाईबाई सांगू लागली. "मी कंदील पुसून राहिली होती. त्या खिळ्यावरून आवाज आला, बारीक. मले वाटलं, बाहेर कोणी बोलून राहिलं. मंग तुमचा आवाज वळखला. लाइट गेली नव्हती म्हणे. जीप दारात होती म्हणे."

 रस्ताभर जुळवलेलं सगळं तिनं आधीच ऐकलं होतं.

"जाईबाई, मी..."

"त्यायले सांगितलं," ती म्हणाली. "आता मले सांगा. माह्याकडे पाहून सांगा."

त्यांनी सांगितलं. पुन्हा, पहिल्यापासून. कचरा हा शब्दही सांगितला, जो तिनं ऐकलेला नव्हता.  शेजारची पार्बताबाई दारात येऊन थांबली होती, तिनंही सगळं ऐकलं.



"लाइटीचं खोटं होतं, हे मले पयल्याच दिवशी माहीत होतं," सगळं ऐकून जाईबाई म्हणाली. "साप चावला तवा गाडीवाला पुंजाराम गाडी जुंपून दारात उभा होता. यायनं हेडफोन लावले, अन् तुमचा आवाज आला यायले. म्हणाले, वामनराव आहेत. मोठ्या माणसाशी बोलून राहिले, विलायतीत. बोलणं संपलं का माह्याकडे पाहतीन. मी म्हटलं, चला, गाडी उभी आहे. ते म्हणत, थांब, त्यायच्याजवळून मोटार येईन. दोनदा म्हणाले, थांब."

ती खाली बघत होती.

"पाऊण घंटा गाडी दारात उभी होती, भाऊ."

वामनराव उठले. पाया पडायला वाकले, तर ती मागे सरकली. पडू दिलं नाही. जा, असंही म्हणाली नाही.

साहेबांचं काम नंतर त्यांना मिळालं. त्यांनी ते घेतलं नाही. परवाना परत केला. ते यंत्र कुणी घेईना म्हणून दुकानातच राहिलं, वायर तोडलेलं, भिंतीकडे तोंड करून.

वामनराव पुढे सव्वीस वर्षं जगले. रोज संध्याकाळी साडेपाचला दुकान-घर सोडून बाहेर पडायचे आणि सात वाजल्याशिवाय परत यायचे नाहीत. पाऊस असो, ताप असो. आईनं त्यांना एकदा विचारलं, "मामा, काडी तर गेली. मग आता कशाला भिता?"

ते म्हणाले, "काडी गेली, बाई. पण तो आयकून समाधानानं गेला, का कंटाळून गेला, हे मले समजलं नाही. अन् पुन्हा उभा राहिला, तर आता त्याले सांगायले माह्याजवळ काहीच उरलं नाही."