फळीवरचे चार पट्टे

चकचकीत बाकावर मी हात ठेवला नाही तोच मागून आवाज आला, "तो घेऊ नका."

वळून पाहिलं, तर बाह्या दुमडलेला, नखांत पॉलिश अडकलेला दुकानदार. स्वतःच्याच मालाला नावं ठेवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

"का? विकायलाच ठेवलाय ना?"

"घरात ठेवणार असाल तर न्या. उन्हात व्हार्निशचे पापुद्रे निघतात... कोण बसणार आहे?"

"माझे बाबा. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, जिना बंद. निदान खोलीला लागूनच्या गच्चीत ऊन खात बसतील. उंच हवा, हात टेकता येतील असा."

त्याने एका फळीवर चार पट्टे ओढले – तेल, मेण, व्हार्निश, रंग – आणि ती माझ्या हातात दिली. "ही तुमच्या गच्चीत राहू दे. तिथलं ऊन कुठल्या पट्ट्याला किती खातं ते कळेल, मग ठरवू."

मला बाक हवा होता, परीक्षा नको होती. पण तो असा काही हसला, की... असो. मी मुकाट्याने फळी घेऊन आले.

मग दर तीन दिवसांनी स्वारी दारात हजर. फळीवर पाणी शिंपडायचं, थेंब बघायचे आणि थेंबांपेक्षा जास्त माझ्याकडे बघायचं.

"तेल छान टिकतंय."

"मग तेल लावा आणि आणा बाक."

"अजून थोडं बघू..."

मीही काही कमी नव्हते. तो यायच्या दिवशी बरोबर केस धुऊन बसत होते.

तीन आठवडे असेच गेले. बाबा पलंगावरून खिडकीकडे बघत म्हणायचे, "गच्चीत ऊन आलं वाटतं."

शेवटी मीच दुकानात गेले. तिथे त्याची ताई भेटली. "फळी घरी दिली? आम्ही तर नमुने इथेच दाखवतो, दहा मिनिटांत काम होतं. आणि तुमचा बाक केव्हाच तयार आहे की." तिने कोपऱ्यातलं कापड बाजूला केलं. उंच, हात असलेला, तेल मुरलेला बाक.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात तो आतून आला.

"कधीपासून तयार आहे?"

"पंधरा दिवस झाले."

"पंधरा दिवस माझे बाबा खिडकीतून ऊन बघतायत!"

त्याचा चेहरा उतरला. "बाक दिला की यायला कारण उरलं नसतं... बाबांचा विचारच केला नाही मी. चुकलं."

"तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"तुम्ही रागावाल असं वाटलं."

"मग आता काय हसतेय मी?"

तासाभरात ताईच्या मदतीने त्याने बाक गच्चीत आणला. बाबांना धरून बसवलं आणि त्यांच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं, काहीही न लपवता. बाबांनी डोळे मिटून ऊन अंगावर घेतलं.

"पंधरा दिवस," ते म्हणाले. "माझ्या वयाला ते कमी नसतात, बाळा." मग थांबून म्हणाले, "आणि हिला आवडतोस का, ते विचारलंस?"

त्याने मान खाली घातली.

"आवडतो," मीच म्हणाले, रागातच. "पण मी चिडलेली आहे. उद्याही असेन, परवाही."

"मग... मी रोज येतो."

बाबांनी डोळे उघडले नाहीत. फक्त बाकावर जरा सरकून जागा केली.