दहा सेकंदांची मर्यादा

महाराष्ट्र दिनाची सुट्टी होती. परळच्या ऑफिसात कुणी नसेल असं वाटलं होतं. दार उघडलं तर माझ्या खुर्चीत एक मुलगी.

"ही माझी जागा आहे."

"नाव कुठे लिहिलंय?" स्क्रीनवरची नजर न काढता ती म्हणाली.

नायगावची बकुळा. तीन महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेली. ती वारली त्याला आता अकरा महिने झाले.

आमचा सर्व्हर मधूनच गोठायचा. प्रोग्रॅम कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, मेमरी मागतो. ती शिल्लक नसेल तर कर्नल जागा मोकळी करत बसतो आणि प्रोग्रॅम तिथेच थांबतो. कोण अडकतंय ते कळावं म्हणून मी कोड लिहिला होता. मेमरी मिळाली की लागलेला वेळ बघायचा, दहा सेकंदांहून जास्त असेल तर लॉगमध्ये इशारा द्यायचा. आठवडाभरात एकही इशारा आला नव्हता. तोच कोड आता तिच्यासमोर स्क्रीनवर उघडा होता.

"येईल कसा? मेमरी मिळाल्यावर तुमचा इशारा. ज्याला मिळालीच नाही तो कधी बोलणार, सावंत?"

चूक अगदी पोरकट होती.

"असं तोंड नका करू हो... चहा पाजा, कुणाला सांगणार नाही."

खाली जाऊन दोन कटिंग घेतले. वर आल्यावर तिने वेगळा पहारेकरी प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक प्रोग्रॅमने मेमरी मागतानाच वेळ नोंदवायची. पहारेकरी नोंदी बघत फिरणार, दहा सेकंद उलटले की नाव सांगणार. त्याला स्वतःला लागणारी मेमरी तिने आधीच बाजूला काढली. अर्ध्या तासात सापडलं... बॅकअपचा प्रोग्रॅम पाच मिनिटं अडकून पडला होता.

ती हसली. मी स्क्रीन सोडून तिच्याकडेच बघत राहिलो.

"काय?"

"काही नाही."

पुढचे तीन महिने हेच चाललं. तिचं 'काय?', माझं 'काही नाही'.

शेवटच्या दिवशी तिने बॅग भरली. "बेंगळुरूहून बोलावणं आलंय. आज पाचपर्यंत कळवायचंय."

"चांगलंय."

ती दारापर्यंत गेली, वळली. "मग हो कळवू?"

घड्याळात पाचला दहा कमी होते.

"नको..."

"का?"

"मला तू इथे हवीयस — माझ्याबरोबर."

तिने बॅग खाली ठेवली. डोळे भरले होते. "एवढंसं बोलायला इतके दिवस, आनंदा?"

आम्हाला पुढे बारा वर्षं मिळाली. त्याआधीचे तीन महिने मी नुसता शेजारी बसून घालवले. तेवढे तरी परत मिळायला हवे होते.