पहिली डिस्क हिलालभाऊंची

तुम्ही हसाल. तेव्हा मीही हसलो होतो.

नव्व्याण्णव सालची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. कडोदऱ्याला बन्सीलालशेठच्या कारखान्यातले खानदेशी कारागीर गावी गेले होते, त्यामुळे माग बंद. शेठ म्हणाले, धम्मपाल, सुट्टीतच तुझं ते लिनक्स बसवून टाक. एका सर्व्हरवरून तिन्ही कॉम्प्युटरना साड्यांची डिझाइनं मिळाली पाहिजेत.

जुनी डिस्क हिलालभाऊंची. साड्यांची डिझाइनं काढणारा हा माणूस दिवाळीत काविळीनं गेला. मुलीच्या, गायत्रीच्या लग्नाची साडी ते स्वतः काढत होते, आणि ते डिझाइन फक्त त्याच डिस्कवर होतं. लग्न पंधरा दिवसांवर आलेलं. म्हणून त्यांची बायको उषाबाई दारात बसून होती.

कॉम्प्युटरशेजारी तिनं पाण्याची घागर मांडली होती, वर डांगर, म्हणजे खरबूज. माणूस गेल्यावर पहिल्या आखाजीला त्याच्या नावानं घागर भरतात. घरी भरली होतीच, पण यांचा जीव इथंच, असं तिचं म्हणणं. आमच्या घरी पितर मानत नाहीत, आणि विजेजवळ पाणी तर कुणीच ठेवू नये. मी हसून घागर उचलली आणि जिन्यात ठेवली.

ती हळूच म्हणाली, "भाऊ, पयले त्यासनं... मंग बाकीनं." आधी त्यांचं, मग बाकीचं.

दोन डिस्क असल्या की पहिली कोणती ते ठरवावं लागतं. तिच्या अगदी सुरुवातीला बूट लोडर, म्हणजे मशीनला जागं करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहितात. मी लिनक्ससाठी आणलेल्या नव्या डिस्कला पहिली करायला निघालो, पण शहाणपणाच्या तोऱ्यात केबलींची अदलाबदल झाली. इन्स्टॉलरनं विचारलं, लोडर कुठे? मी पहिलीवर म्हटलं. तो हिलालभाऊंच्या डिस्कवर जाऊन बसला.

पडद्यावर 'एल', 'आय' ही दोन अक्षरं उमटली आणि सगळं थांबलं. फ्लॉपीवरून मशीन चालू केलं, तर जुन्या डिस्कवर काहीच दिसेना. त्या बाईला काय सांगणार होतो मी?

दुपारी अडीच वाजता ती डिस्क काढून मांडीवर घेतली आणि लिनक्सचं पुस्तक चाळत बसलो. बंद मागांच्या खोलीतून ओल्या सुताचा वास येत होता. मग कुठूनतरी बारीक टकटक... थांबून थांबून. डिस्क गरम लागत होती. मघाशी चालू होती, म्हणून असेल, असं मी मनाला सांगितलं.

चारला पुस्तक मिटलं. काही उपाय नव्हता. उठलो, घागर आणून होती तिथं ठेवली. हिलालभाऊंची डिस्क एकटीच, पहिली म्हणून जोडली. बटण दाबलं.

मशीन सुरू झालं. जुनाच पडदा, जुनीच यादी. साडी उघडली: काठावर केळीची पानं, पदरावर मोरांच्या दोन ओळी. मी घाईघाईनं फ्लॉपीवर उतरवून घेतली आणि उषाबाईला बोलावलं.

तिनं पडद्यावर बोट ठेवून मोर मोजले. मग पुन्हा मोजले.

"हे दवाखान्यात म्हणेत... दुसरी ओळ काढानी ऱ्हायनी," ती म्हणाली.

गायत्री तीच साडी नेसून बोहल्यावर उभी राहिली. मोर पूर्ण होते.

फ्लॉपी अजून माझ्याकडे आहे. फाइल शेवटची बदलली त्याची तारीख त्याच आखाजीची, वेळ तीन वाजून दहा मिनिटं. तेव्हा मशीन बंद होतं, आणि ती डिस्क, वायरी काढलेली, माझ्या मांडीवर होती.