खालच्या चांदण्या

जिन्याच्या वळणावर त्याने खोकं टेकवलं, त्यातला उंच दिवा तेवढा वरच्या मजल्यावरच्या आपल्या नव्या घरात नेऊन ठेवला आणि परत येईपर्यंत त्या खोक्यात एक मूल बसलेलं होतं.

"हे तुमचं का?" आमच्या उघड्या दारात डोकावत त्याने विचारलं.

"खोकं तुमचं," मी म्हणाले. "मूल समोरच्या इमारतीतलं आहे. एका बाजूने धरा, दोन्ही आत घेऊ."

तो हसला, पण जरा उशिरा. कारण तो हत्तीकडे बघत होता. हत्ती म्हणजे आमच्यातला सगळ्यात बारका, अडीच वर्षांचा. खोक्याच्या तळाशी बसून तो एका बोटाने पुठ्ठ्यावर टिचकी मारायचा... थांबून ऐकायचा... मग दुसरीकडे मारायचा.

"मला ते खोकं लागणार आहे," तो हळूच म्हणाला.

"काम चाललंय. थांबावं लागेल."

"कुणाचं काम?"

"त्याचं."

हे वाक्य माझं नव्हतं, आईचं होतं. आमच्या पुढच्या खोलीत ती लहान मुलं सांभाळायची. आईवडील दोघंही कामावर जाणाऱ्यांची, एक ते चार वर्षांची. मूल एखाद्या गोष्टीत गढून गेलं असेल तर त्याला कुणीही उचलायचं नाही, हा तिचा नियम. मोठमोठे साहेब ऑफिसची बॅग पोटाशी धरून या दारात ताटकळलेले मी पाहिले आहेत. ती गेली तेव्हा मी दुसऱ्या शहरातल्या ग्रंथालयातून रजा घेऊन आले. नाताळपर्यंत खोली चालवीन, असं पालकांना सांगितलं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी सगळे जमतील, तेव्हा खोली बंद होत असल्याचं पक्कं सांगायचं आणि परत जायचं, असं माझं ठरलेलं होतं.

त्याला बसा म्हटलं, तर तो सरळ आईच्या बुटक्या स्टुलावर बसला. आई गेल्यापासून त्यावर कुणीच बसलं नव्हतं, मुलंसुद्धा. त्याचे गुडघे जवळजवळ कानांना लागले होते.

"मी दुकानांच्या दर्शनी काचांमागची सजावट करतो," तो म्हणाला. "या दिवसांत मरायलाही फुरसत नसते."

"दिसतंय."

"खोकं अडकलंय ना माझं," तो म्हणाला, आणि टिचक्या ऐकत बसला.

खोकं त्या दिवशी सुटलं नाही. दुसऱ्या दिवशीही तो 'सुटलं का' विचारायला आला. तिसऱ्या दिवशी तर त्याने विचारलंही नाही. चपला काढल्या आणि जमिनीवर मांडी घातली. मुलांनी त्याला उंचकाका म्हणायला सुरुवात केली.

"दुकानातून काय आणू?" तो विचारायचा. "झगमगीत कागद? छोट्या घंटा?"

"काही नको. मैदा, मीठ, पाणी. रद्दी आहे. संत्र्याची सालं मी वाळवलीत."

"एवढ्यावर नाताळ?"

"आई एवढ्यावरच करायची."

मैदा आणि मीठ आम्ही परातीत मळलं. बटण, म्हणजे तीन वर्षांची गोल चेहऱ्याची मुलगी, कोपरापर्यंत त्यात बुडाली. तिच्याच वयाच्या मिरीने एका गोळ्यावर अंगठा दाबला, उचलला आणि तो खळगा इतका वेळ बघत राहिली की आम्ही दोघं आपोआप वाकलो. तिथे तिच्या अंगठ्याच्या रेषा उमटल्या होत्या, केसाएवढ्या बारीक.

"मी आयुष्यात इतकं बारीक काम केलेलं नाही," उंचकाका पुटपुटला.

"तुमच्या नाकाला पीठ लागलंय."

"कुठे?"

"सांगणार नाही. शोभतंय."

तो लाजला. एवढा मोठा माणूस... लाजला, आणि मला परातीत बघावं लागलं.

मग झाड. वर्तमानपत्राच्या कागदांचं, भिंतीवर चिकटवलेलं, छतापर्यंत पोचणारं. मुलांनी संत्र्याच्या सालीच्या, पुठ्ठ्याच्या, पिठाच्या चांदण्या त्यावर लावल्या; सगळ्या खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, एकीवर एक, दाटीवाटीने. वरचं झाड उघडंबोडकं. मग मुलं झोपली आणि मी दूध तापवायला आत गेले.

परत आले तर झाड झगमगत होतं. उंचकाकाने एकेक चांदणी सोडवून सारख्या अंतरावर, शेंड्यापर्यंत लावली होती. फार सुंदर दिसत होतं. तो शिडीवरून माझ्या तोंडाकडे बघत होता.

"आवडलं?"

मी उत्तर द्यायच्या आत बटण उठली. झाडापाशी गेली, खाली बसली आणि रिकाम्या कागदावरून हात फिरवू लागली. रडली नाही. नुसती शोधत राहिली. मिरी येऊन तिच्या शेजारी बसली, तीही शोधू लागली.

शिडीवर त्याचा चेहरा पडला. "मी... मला वाटलं..."

"खाली या," मी म्हणाले.

तो उतरला. एकेक चांदणी काढून परातीत ठेवली आणि मुलांपुढे गुडघे टेकले. "चुकलं माझं. कुणाची कुठे होती?"

मला वाटलं, आता हमरीतुमरी होणार. पण हत्तीने परातीतून एक साल उचललं, त्याचं बोट धरलं आणि कागदावर नेऊन टेकवलं. "इथे." मग बटणने. मग मिरीने. बोट कधी थोडं डावीकडे सरकवायची, कधी खाली. कागदावर खळीचे वाळके डाग होते आणि प्रत्येक चांदणी बरोबर आपल्या डागावर जात होती. ज्यांना काल काय खाल्लं ते सांगता येत नाही, त्यांना हे सगळं पाठ होतं.

शेवटी परातीत एकच उरली, पिठाची, जरा वाकडी.

"ही कुणाची?"

"ताईची," बटण म्हणाली.

मी लावल्याचं मला आठवतही नव्हतं. तिने त्याचं बोट धरून तळाशी नेलं, तिच्या आणि हत्तीच्या चांदण्यांच्या मध्ये. डाग तिथे होता. उंचकाकाने चांदणी दाबून धरली, खळ वाळेपर्यंत. मला दूध उतू जाईल असं काहीतरी म्हणून आत जावं लागलं. गॅस केव्हाच बंद केलेला होता.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी पालक जमले. मी पडदे ओढले, दिवे घालवले आणि भाज्या धुवायच्या चाळणीखाली टॉर्च धरला. छत ठिपक्यांनी भरून गेलं. मुलं जिथे होती तिथे उताणी झाली. बटणने हात वर केला, तिच्या तळहातावर तीन ठिपके उतरले. तिने मूठ मिटली, उघडली, ते होतेच. हत्तीचे वडील, एरवी दारातूनच घाई करणारे, कोटासकट जमिनीवर आडवे झाले. दिव्यांच्या माळांत वर्ष काढणारा उंचकाका माझ्या शेजारी तोंड किंचित उघडं ठेवून वर बघत होता.

अंधारात मिरीच्या आईने विचारलं, "मग... पुढच्या महिन्यापासून दुसरी जागा बघायची ना आम्ही?"

वाक्य मी किती दिवस घोकलं होतं. ते आलंच नाही.

"नको," मी म्हणाले. "इथेच आणा. मला फक्त एकदा जाऊन नोकरी सोडायची आहे आणि पुस्तकं आणायची आहेत."

कुणीतरी सुस्कारा सोडला. कुणाची तरी बांगडी वाजली. मग शेजारून अगदी हळू आवाज आला.

"पुस्तकं जड असतात. मी येतो."

"किती येणार आहात तुम्ही?"

"म्हणजे?"

"खोकं घ्यायला आलात, पीठ मळायला आलात..."

"मी वर्षभर काचेमागे घरं सजवतो," तो म्हणाला. "टेबल, खुर्च्या, दिवे. झालं की बाहेर पडतो आणि कुलूप लावतो. आत कधी कुणी राहत नाही. मला आता... राहायचंय. तुमच्याबरोबर. तुम्हाला चालणार असेल तर."

मी पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत. त्यातलं एकही वाक्य वेळेवर आठवलं नाही.

"हात भरून आलाय माझा," मी म्हणाले. "टॉर्च धरता?"

त्याने हात पुढे केला. टॉर्चवर माझा हात होता, त्यावर त्याचा आला. मी माझा काढून घेतला नाही... त्यानेही नाही.

छतावरचे सगळे ठिपके किंचित थरथरले. अंधारात, जमिनीजवळून, हत्ती कुजबुजला, "चांदण्या चालायला लागल्या."