बाहेर पडायचं बटण

पटो न पटो, हे घडलंय. मंगळवारची दुपार, तिसऱ्या मजल्यावरची मागची खोली, बाहेर लख्ख ऊन.

ताई आणि तिचा धाकटा भाऊ पाच वर्षं मिळून एक कॉम्प्युटर गेम बनवत होते. चित्रं तिची, बाकी सगळं त्याचं. एक पहारेकरी रिकाम्या इमारतीतले दिवे मालवत फिरतो, एवढाच खेळ. पहारेकऱ्याचा आवाज, हसणं, खोकला, गुणगुणणंही भावाचंच.

त्या मंगळवारच्या चार महिने आधी भाऊ गेला.

ताई रडली नाही. "रडायलाही सवड लागते," म्हणाली, आणि गेम ऑनलाइन दुकानात लावायला बसली. त्याचं तेवढंच राहिलं होतं.

दुकानाच्या तपासनिसाने गेम परत पाठवला. 'बाहेर पडायच्या बटणावर "येतो" लिहिलंय, आवाजही तेच म्हणतो. माणूस जातोय की येतोय? बदला.'

"याला घरी कुणी निरोप घ्यायला शिकवलं नाही वाटतं," नवरा म्हणाला. "'जातो' लिही नि मोकळी हो."

तिने लिहिलं. जुनं रेकॉर्डिंग काढून टाकलं. नवं कुठून आणणार? आईच्या धाकाने 'जातो' हा शब्द त्याने जन्मात उच्चारला नव्हता.

बटण मुकंच ठेवलं.

दोन दिवसांनी उत्तर आलं... मंजूर.

खाली एक ओळ. 'नवा आवाज छान. जरा दमलेला वाटतो.'

नवा आवाज?

ताईने गेम उघडला. बटण दाबलं.

आधी श्वास... मग अगदी कानाशी,

"जातो, ताई."

ती म्हणते, भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. फोल्डर तपासलं. तसली फाइल नव्हतीच.

तिने जुनं 'येतो' परत बसवलं. दाबलं.

शांतता...

फाइल जागेवर. लांबी तेवढीच. आत आवाज नाही.

गेम पुन्हा उघडून बंद केला. आता त्याचं हसणं गेलं.

आणखी एकदा. खोकला गेला.

उरलं फक्त पहारेकऱ्याचं गुणगुणणं. तेव्हा तिने गेम उघडला आणि तसाच चालू ठेवला.

"दुकानात लावणार नाहीस?" नवऱ्याने विचारलं.

"लोक खेळतील. मग बंद करतील."



सात महिने झाले. कॉम्प्युटर एकदाही बंद केलेला नाही. मागच्या खोलीत ते गुणगुणणं चालूच असतं. शेजारच्या घरातून मीही ऐकलंय.

आज जिन्याखाली कागद लागलाय. उद्या दुरुस्तीसाठी दुपारभर वीज नसेल.

ताईने तो वाचला. वर आली, आणि खुर्ची स्क्रीनच्या आणखी जवळ ओढून बसली.