पेनिआमिनाची पट्टी

हसू नका रे. सिएनी नर्सने हे मला स्वतः सांगितलंय. दवाखान्याची गाडी मीच चालवायचो, त्यामुळे बाई उगाच घाबरणाऱ्यातली नाही हे मला पक्कं ठाऊक.

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. मुलांच्या रविवारच्या, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या सणाच्या, आदली, शनिवारची रात्र. सावाई बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर पेनिआमिनाच्या घरी मी तिला संध्याकाळी सोडलं. म्हाताऱ्याला शुगर, तळव्याला जखम, एक बोट आधीच गेलेलं. नवी फोमची पट्टी लावायची आणि आठवडाभर उघडायची नाही, एवढं साधं काम. पण आपल्या लोकांना कळेल तर शपथ! कोणी भेटायला आलं की पट्टी सोडून जखम दाखवायची. नाही दाखवली तर म्हणे पाहुण्याचा अपमान! डॉक्टरने बजावलं होतं, आता चिघळली तर पाय घोट्यापासून काढावा लागेल.

नेमका त्याच रात्री ऑकलंडहून पुतण्या आला.

"काका, बघू तरी."

"हात लावशील तर याद राख!" सिएनी ओरडली.

"बाई, एवढ्या लांबून आलोय."

"मग तोंड बघ त्याचं! पाय काय बघतोस?"

म्हाताऱ्याची मुलगी फिलेमू मध्ये पडली. "जाऊ द्या हो नर्सबाई, एकदाच..."

सिएनीच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. "आईच्या वेळीही हेच म्हणालीस. दोन्ही पाय गेले, मग तीही गेली. अजून अक्कल येत नाही?"

सिएनी राखणीला तिथेच चटईवर आडवी झाली.

मध्यरात्र उलटली. तिला जाग आली. म्हाताऱ्याच्या पायाशी कोणीतरी होतं. बाई. वाकलेली... नाही. उंचीच तेवढी होती.

"फिलेमू! सोड ती पट्टी."

पायाशी हात हलतच राहिले.

"फिलेमू..."

"मी इथे आहे, नर्सबाई."

आवाज पाठीमागून आला.

...

दिवा लावला. पायाशी कोणी नाही. पट्टी जागच्या जागी. तिच्यावरून एक निळा रुमाल, घट्ट बांधलेला. फिलेमूने रुमालाची गाठ चाचपली.

"हा आईच्या डोक्याला... मीच बांधला होता. शवपेटी बंद करायच्या आधी."

म्हातारा जागाच होता. म्हणाला, "आता कोणाला दाखवायची नाही."

पाय वाचला. पण जिवंत बाई घसा फोडून सांगत होती तेव्हा ऐकलं नाही, याचा मला आजही संताप येतो!

उजाडल्यावर सगळे अंगणातल्या, फिलेमूच्या आईच्या कबरीपाशी गेले. सिमेंटला साधी चीरसुद्धा नव्हती.